अंगणातल्या गाडीचं कव्हर

रिद्धपूर, मोर्शीकडच्या गावांत बरीच वाहनं अंगणात किंवा झाडाखाली उभी असतात. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहून वर जातो. अशा उन्हानं गाडीचा रंग फिका पडतो, डॅशबोर्ड आणि रबर तडकतं. म्हणून कव्हर जरूर घ्या, पण पारखून.

उन्हाळ्यासाठी चंदेरी किंवा फिक्या रंगाचं, अतिनील किरणं अडवणारं कव्हर निवडा. आतून मऊ अस्तर हवं, नाहीतर धुळीनं ओरखडे पडतात. पावसाळ्यात पाणी अडवणारं, पण आतली वाफ बाहेर सोडणारं कापड हवं. ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका. खाली ओल कोंडते आणि गंज धरतो. माप गाडीच्या मॉडेलप्रमाणेच घ्या. वावटळीत कव्हर उडू नये म्हणून पोटाखालून बांधायचे पट्टे तपासा.

धुळकट किंवा ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. इंजिन आणि सायलेन्सर आधी थंड होऊ द्या. पक्ष्यांची विष्ठा पडली तर लगेच पाण्यानं धुवा. ती रंग खाते. आणि सावली असली, तरी वादळाच्या दिवसांत वाळक्या फांदीखाली गाडी लावू नका.