नैराश्याचं औषध आणि मेंदूच्या लहरी

लोणखेडा असो, शहादा असो की मुंबई, नैराश्यावर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "गुण कधी येईल?" या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला अनेकदा चार ते सहा आठवडे लागतात. त्यातही पहिलं औषध प्रत्येकाला लागू पडत नाही. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण सुमारे एक तृतीयांश होते. बाकीच्यांचे आठवडे तसेच सरतात, आणि आशाही खचते.

हा काळ वाचवता येईल का? डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी ईईजी तपासणी आकडीच्या आजारासाठी आपल्याकडेही होते. याच लहरींवरून सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध कुणाला उपयोगी पडेल, याचा अंदाज डॉ. अमित एटकिन, डॉ. मधुकर त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने बांधला. हे संशोधन २०२० मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

मात्र नैराश्याच्या रोजच्या उपचारात ही पद्धत अजून रुळलेली नाही. म्हणून तिची वाट पाहत थांबू नका. गुण येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल, तर आत्ताच फोन लावा.