बाळाचं नाक चोंदलंय: काय करायचं, काय नाही आणि कधी निघायचं

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल, पण ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलंय त्यांना तो छोटा वाटणार नाही. तान्ह्या बाळाचं नाक चोंदलं तर घरी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि घरचे उपाय सोडून दवाखाना कधी गाठायचा, हे बघूया.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सात आठवड्यांच्या मुलीचा बाप आहे. आज जे सांगणार आहे ते आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला समजावलेलं आणि नंतर मी वाचून पडताळून घेतलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा वजनाला कमी असेल, तर नक्कीच.

आवाज येतोय म्हणजे सर्दी झालीय असं नाही

नवजात बाळाचं नाक सतत वाजतं. घुरघुर, सूं सूं, मधेच शिंक. आमच्या घरी बाराव्या दिवशी हा प्रकार सुरू झाला. थंडीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं, पोरीला सर्दी झाली.

बाळाच्या नाकातली वाट मुळातच खूप अरुंद असते. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढासा शेंबूड किंवा दुधाची सुकलेली गुठळी तिथे अडकली, तरी शिट्टीसारखा आवाज येतो. शिंकेचंही तसंच. बाळाला नाक शिंकरता येत नाही, मग नाक साफ करायचा त्याच्याकडचा मार्ग म्हणजे शिंक. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, फीचर आहे.

मग काळजी का करायची? कारण पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. दूध पिताना तर तोंड गुंतलेलं असतं, त्यामुळे सगळा भार नाकावर येतो. नाक खरंच बंद असेल तर बाळ दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, परत तोंड लावतं, परत सोडतं. पोट भरत नाही, झोप लागत नाही, आणि आईही थकून जाते.

म्हणून आवाजावर जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. बाळ नेहमीसारखं दूध पितंय का? पिऊन झाल्यावर शांत झोपतंय का? श्वास सहज चाललाय का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर नाक कितीही वाजू दे, त्याला हात लावायची गरज नाही. दूध पिताना अडत असेल, तरच पुढचं करायचं.

सलाईनचे थेंब: घरचा मुख्य उपाय

लागतात ते साधे सलाईनचे नाकातले थेंब. मेडिकलमध्ये मिळतात, महाग नसतात. पण बाटली हातात घेतल्यावर पुढचं मोठं नाव सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये सोडियम क्लोराइड ०.९ टक्के लिहिलेलं हवं. तिथे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन दिसलं, तर ते वेगळं औषध झालं. तान्ह्या बाळाला ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालायचं नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असू शकतात, म्हणून "नाकात घालायचे ड्रॉप्स द्या" एवढंच सांगून आणू नका.

घरी मीठ-पाणी कालवून थेंब करायचा सल्लाही मिळेल. ०.९ टक्के म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. हे प्रमाण स्वयंपाकघरातल्या चमच्यानं नेमकं जमत नाही आणि पाणी निर्जंतुक राहीलच याची खात्री नसते. एवढ्या लहान बाळासाठी विकतचं बरं.

आता पद्धत. वेळ दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधीची. पाजल्यावर केलं तर उलटी होऊ शकते. हात साबणानं धुवा. बाळाला पाठीवर झोपवा, डोकं किंचित मागे. एकानं डोकं हलकेच धरायचं, दुसऱ्यानं प्रत्येक नाकपुडीत एक ते दोन थेंब सोडायचे. बाटलीचं टोक नाकाला टेकवू नका, नाहीतर नाकातले जंतू बाटलीत जातात. मग अर्धा ते एक मिनिट थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण सुकलेला शेंबूड भिजायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक वेळा बाळ शिंकतं आणि काम होऊन जातं. बाहेर आलेलं मऊ, ओल्या कापडानं टिपून घ्या.

एवढ्यानं नाही झालं आणि शेंबूड नाकाच्या तोंडाशी दिसत असेल, तर रबरी पिचकारी वापरता येते. मेडिकलमध्ये नेझल ॲस्पिरेटर म्हणून मागायची. फुगा आधी बाहेर दाबायचा, दाबलेला ठेवूनच टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, आणि मग हळूच सोडायचा. आत खुपसायचं नाही. दर वेळी साबणाच्या गरम पाण्यानं आतून-बाहेरून धुवून वाळवायची. हे सगळं दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको. सारखं ओढत राहिलं तर आतली त्वचा सुजते, आणि सुजली की नाक अजून बंद होतं. कानातल्या काडीला लावलेला कापूसही नाकात घालू नका.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. उघडल्यावर किती दिवस वापरायची ते पत्रकावर दिलेलं असतं.

तेल, धुरी, बाम आणि वाफ

आता नाजूक भाग, कारण यात घरची माणसं येतात.

आमच्याकडे बाळाला मालिश करायला मावशी येतात. हाताला अतिशय चांगल्या. पोरगी त्यांच्या हातात गेली की रडायची थांबते. नाक वाजतंय म्हटल्यावर त्यांनी कोमट खोबरेल तेल बोटावर घेतलं.

मी म्हटलं, "मावशी, नाकात नको तेल. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"अहो दादा, आमच्या सगळ्या पोरांना घातलंय. काय झालं न्हाई कुणाला."

आणि हे खरं असणार. बहुतेक बाळांना काही होत नाही, म्हणूनच ही पद्धत टिकलीय. पण ज्याला होतं त्याला काय होतं, ते ऐका. पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर बाळ खोकून बाहेर टाकायला बघतं. तेल गुळगुळीत असतं. ते खोकला न येऊ देता गपचूप फुप्फुसात उतरू शकतं, आणि फुप्फुसाला ते सहज बाहेर काढता येत नाही. त्यातून एका प्रकारचा न्यूमोनिया होतो. तूपही त्यातच आलं.

मी मावशींना हेच सांगितलं आणि म्हटलं, "मालिश तुमच्या पद्धतीनं करा, त्यातलं मला काही कळत नाही. फक्त नाक आणि कान सोडा." सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या मावशी. त्यांच्या मनाला खात नको." मावशींनी तेलाचं बोट बाळाच्या तळपायाला पुसलं आणि पुढे सुरू केलं. कुणाचा अपमान झाला नाही. "तुमचं सगळं चुकीचं" असं म्हणण्यापेक्षा "एवढं एक सोडून बाकी सगळं" असं म्हटलं की माणसं ऐकतात, हा माझा अनुभव.

धुरीचंही तसंच. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. वास छान येतो, पण बाळाच्या नाकाला तो धूरच. त्यानं आतली त्वचा आणखी चुरचुरते. उदबत्ती, डासांची अगरबत्ती, सिगरेट, सगळं याच यादीत. सिगरेट बाल्कनीत ओढून येणंही पुरेसं नाही, कपड्यांबरोबर धूर आत येतोच.

बाम आणि कापूर दोन वर्षांखालच्या बाळाला नाही. छातीला नाही, तळपायाला नाही, उशाशी पुरचुंडी बांधूनही नाही. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ देणं म्हणजे भाजण्याचा धोका. आईचं दूध नाकात घालायला सांगतात, पण सलाईनपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो असं दिसलेलं नाही. ते पोटात जाऊ दे. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

आणि सर्दीचं औषध. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेनं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापायला सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, असं कळवलं. तेव्हा मोठ्या भावंडाची उरलेली बाटली बाळासाठी उघडायची नाही.

खोलीची हवा फार कोरडी असेल, म्हणजे हिटर किंवा एसी चालू असेल, तर थंड वाफेचा ह्युमिडिफायर चालतो, रोज धुणार असाल तर. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात त्याची गरज नाही. झोपवायचं पाठीवर आणि सपाट. डोकं उंच राहावं म्हणून राईची उशी दुमडून ठेवू नका. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अजून अरुंद होते. जागं असताना उभं धरून खांद्यावर घ्या, त्यानं बरं वाटतं.

एक मिनिट मोजा

रात्री अडीचला सगळं भयंकर वाटतं. अशा वेळी मला एका आकड्याचा आधार झाला.

बाळ शांत असताना, रडत नसताना, पोट उघडं करून बघायचं. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर टायमर लावून पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भरभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, परत सुरू करतं. तेवढं नॉर्मल आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आले, तर परत एकदा मोजायचे. परत तेवढेच आले, तर तो वेगानं चाललेला श्वास. ही ६० ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेची आहे. आपल्याकडच्या आशाताई घरी येतात ना, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्याही हेच मोजतात. त्या आल्या की त्यांच्याकडून मोजायला शिकून घ्या. माझ्या बायकोनं आणि मी दोघांनी शिकून घेतलंय.

त्या रात्री आमच्या मुलीचे ५२ आले. थेंब घातले, थांबलो, दोन शिंका आल्या आणि ती पिऊन झोपली.

कधी निघायचं

आता हे मात्र नीट ऐका. यातलं काहीही दिसलं तर थेंब घालत बसायचं नाही.

श्वास दोनदा मोजून ६० किंवा जास्त. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जाणं. नाकपुड्या फुलणं. प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज. ओठ किंवा जीभ निळसर. श्वास २० सेकंद थांबणं. दूध निम्म्यावर येणं, लघवी कमी होणं, बाळ मलूल पडणं. काखेत ताप ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट किंवा जास्त, किंवा उलट, अंग गार पडणं. या वयात तापाचं औषध स्वतःहून द्यायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. श्वासाचा त्रास, निळेपणा किंवा बाळ उठतच नसेल तर त्याच क्षणी निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

अजून एक, कमी लोकांना माहीत असलेलं. बाळ शांत असताना निळसर पडतं आणि रडलं की गुलाबी होतं, असं असेल तर नाकाची मागची वाट जन्मतःच बंद असू शकते. रडताना तोंड उघडतं म्हणून रंग सुधारतो. ती सर्दी नाही, तिथे थेंबांचा उपयोग नाही. लगेच दाखवा.

तर मंडळी, थोडक्यात: आवाज नाही, बाळाकडे बघा. अडत असेल तर पाजण्याआधी सलाईनचे एक-दोन थेंब. नाकात तेल नाही, धूर नाही, औषध नाही. आणि शंका आली की एक मिनिट मोजा. मोजूनही मन मानत नसेल तर खुशाल डॉक्टरांना फोन करा, कारण एवढ्या लहान बाळासाठी केलेला कुठलाच फोन वाया जात नाही.

हा भाग बाळाच्या आजी-आजोबांना आणि मालिशवाल्या मावशींनाही ऐकवा. पुढच्या भागात बाळाच्या झोपेबद्दल बोलू, म्हणजे आम्हाला झोप मिळाली तर. भेटूया.