लाल दिवा काय सांगतो?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विमानदुरुस्तीचे काम करते. मोठी प्रवासी विमाने नव्हेत. वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली ज्यावर शिकतात, ती एका इंजिनाची, चार आसनांची सेसना १७२. सरला ठकराल यांनी १९३६ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवला, हे आपण अभिमानाने सांगतो. विमान उडवणाऱ्या बाईचे कौतुक होते. त्याच विमानाचे झाकण उघडून आत पाना घालणारी बाई मात्र लोकांना अजून खटकते. म्हणून आज एकच बिघाड घेते आणि तो कसा शोधायचा ते सांगते.

आधी भीती काढू. उडताना वीज गेली म्हणून या विमानाचे इंजिन बंद पडत नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतात. बंद पडतात ते रेडिओ, दिवे, फ्लॅप, इंधनाचे काटे. बॅटरी २४ व्होल्टची. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टर्नेटर सुमारे २८ व्होल्ट देतो, सगळा भार उचलतो आणि बॅटरीही भरतो. तो थांबला की सारा भार बॅटरीवर येतो, व्होल्टेज उतरते आणि समोर लाल दिवा लागतो. वैमानिकाने आल्टर्नेटरचा स्विच बंद करायचा, सर्किट ब्रेकर उडालेला नाही ना ते पाहायचे आणि स्विच पुन्हा लावायचा. दिवा परत लागला, तर नको ती उपकरणे बंद करून लवकरात लवकर उतरायचे. मग विमान आमच्याकडे येते.

आल्याबरोबर कोणीतरी म्हणते, "दिवाच खराब असेल." दुसरा म्हणतो, "रेग्युलेटर बदलून टाका." मीटर कोणी लावलेला नसतो.

कामाला लागण्यापूर्वी मॅग्नेटो बंद, किल्ली आपल्या खिशात. तरीही प्रोपेलरच्या वाटेत उभे राहायचे नाही. अंगावरचा धातू उतरवायचा: घड्याळ, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र. बॅटरीचे टोक आणि विमानाचा सांगाडा यांना बांगडी एकाच वेळी टेकली, तर ती तापून हात भाजतो. मी नवीन असताना मंगळसूत्र काढून डब्यात ठेवले, तर हँगरमध्ये कुजबुज झाली. शेजारी अंगठी काढणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. वीज मात्र दोघांत फरक करीत नाही.

आता शोध. पहिल्यांदा पट्टा: सैल आहे का, घासून गुळगुळीत झाला आहे का? मग तारांचे जोड आणि अर्थिंग. यात बिघाड सापडला नाही, तर मल्टिमीटर घ्यायचा. आल्टर्नेटरच्या आतले चुंबक विजेनेच तयार होते. ती वीज बॅटरीकडून मास्टर स्विच, ब्रेकर, जास्त व्होल्टेज झाल्यास तोडणारा रिले आणि रेग्युलेटर यांतून 'फील्ड' नावाच्या टोकाला पोचते. तिथे वीज आहे आणि आल्टर्नेटर फिरूनही काही देत नाही, तर दोष त्याच्या पोटात आहे: ब्रश झिजलेले असतील किंवा गुंडाळी तुटलेली असेल. वीज पोचतच नसेल, तर एकेक टप्पा मागे जायचे. जिथे ती पुन्हा सापडते, त्याच्या पुढच्याच टप्प्यात दोष.

एका विमानाचा अँमीटरचा काटा सारखा हलत असे. दोनदा रेग्युलेटर बदलून झाला होता. आम्ही भार चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजले. ते जवळपास शून्य हवे. तिथे एक व्होल्ट निघाला. स्विचच्या आत काट चढली होती. त्यामुळे रेग्युलेटरला खरे व्होल्टेज कळतच नव्हते. कमी पडते आहे असे समजून तो आणखी वीज मागत होता. ज्याच्यावर ठपका ठेवला, तो मिळालेल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागत होता. एक साधा स्विच बदलला आणि काटा स्थिर झाला.

तुमच्या केंद्रात येणाऱ्या बाईलाही घरचे "हिलाच सवय आहे तक्रारीची" म्हणतात, तेव्हा मला हा लाल दिवा आठवतो. तक्रार आली की आधी मोजायचे, मग बोलायचे. हे आपल्या दोघींच्याही कामाला लागू आहे.

दुरुस्ती झाली की लॉगबुकात नोंद होते आणि परवानाधारक इंजिनिअर सही करतो. त्या सहीच्या भरवशावर शिकाऊ मूल विमान घेऊन वर जाते. ही सही करण्याचा अधिकार मुलींना मिळायला हवा. त्याची सुरुवात हातात मीटर येण्यापासून होते. म्हणून एक काम सांगते. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जा. वायरमन आणि मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुली किती आहेत, ते मोजा. कमी असतील तर पट्टा तपासा, जोड तपासा. वसतिगृह नाही, एसटीची वेळ जुळत नाही, की घरून नकार आहे? वीज नेमकी कुठे अडते आहे, ते शोधून पुढच्या बैठकीला घेऊन या.