सही करण्याआधी
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आम्ही पस्तीस वर्षे मुलांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या. आज आमचीच एक चूक तुमच्यापुढे मांडणार आहोत.

२०२२ सालची गोष्ट. बाजारचा दिवस होता. शेजारच्या वहिनी एक हँडबिल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'एकदाच भरा, पाच वर्षांत दुप्पट घ्या.' बरोबर गोडबोल्या एजंट होता. वहिनींजवळ म्हैस विकून आलेले ५०,००० रुपये होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, करू का सही?" आम्ही मोठी अक्षरे वाचली. बारीक अक्षरांना चष्मा हवा होता. तो घरात होता, आणि उठायचा आम्ही कंटाळा केला. म्हणालो, "करा, काही हरकत नाही."

काही दिवसांनी टपालाने जाडजूड पाकीट आले. वहिनींनी ते देव्हाऱ्यात ठेवले, हळदकुंकू वाहिले. उघडले मात्र कोणीच नाही. वर्ष सरले आणि दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. तेव्हा पाकीट फोडले. ती ठेव नव्हतीच! दहा वर्षे दर साल ५०,००० रुपये भरायचे, अशी ती आयुर्विम्याची पॉलिसी होती. मजुरी करणाऱ्या बाईचे उत्पन्न फॉर्मावर साडेतीन लाख लिहिले होते. वहिनी आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले.

विमा वाईट आहे का? मुळीच नाही. कर्ता माणूस गेला तर घर उघडे पडू नये, म्हणून विमा. पण विमा विकायचा आणि सांगायचे 'ठेव आहे', ही फसवणूक झाली.

कायदा आपल्या बाजूने आहे, बरे का! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विमा ही सेवा धरली आहे. म्हणजे हप्ता भरणारा हा ग्राहक झाला. खोटी हमी देणे किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम लपवणे, ही कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात होते. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत.

आम्ही आणि वहिनींनी मिळून कंपनीला अर्ज लिहिला. हँडबिल वहिनींनी जपून ठेवले होते. त्याची नक्कल जोडली. महिना गेला, उत्तर नाही. मग विमा लोकपालाकडे तक्रार केली. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. ते हँडबिल आणि फॉर्मावरचे खोटे उत्पन्न, या दोन कागदांनी काम केले. पैसे परत मिळाले. पण त्यात कित्येक महिने गेले, आणि तोवर वहिनींच्या गोठ्यात म्हैस नव्हती. ते नुकसान कोण भरून देणार?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक : कोऱ्या फॉर्मावर सही किंवा अंगठा देऊ नका. विचारा, 'हप्ता किती? किती वर्षे? मध्येच बंद केला तर हातात काय?' उत्तर लिहून घ्या.

दोन : पाकीट आले की त्याच दिवशी उघडा. पॉलिसी पसंत नसेल तर परत करता येते. वहिनींच्या वेळी ही मुदत साधारणपणे १५ दिवसांची असे. २०२४ पासून ती ३० दिवसांची आहे. थोडा खर्च कापून बाकी पैसे मिळतात.

तीन : पावती, हँडबिल, फोनवर आलेला मजकूर, काही फेकू नका. कागद बोलतो.

चार : फसलात तर गप्प बसू नका. आधी कंपनीला लेखी कळवा. मग विमा लोकपाल आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. १९१५ या फोनवर सल्लाही मिळतो.

मंडळी, ठळक अक्षरे विकणाऱ्याची असतात. आपले हित बारीक अक्षरांत असते. ती वाचता यावीत, म्हणूनच हा वर्ग.

वहिनी याच वर्गात पहिल्या रांगेत बसतात. आता कोणताही कागद आला की त्या आधी स्वतः वाचतात, आणि मग आम्हाला विचारतात, "गुरुजी, चष्मा आणलात ना?"