माती हातानें मोजा

(करमाळा तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकतांना कोरडा वाटेल. "जमिनीच्या वापराचें नियमन" हे शब्द कानीं पडले कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें तलाठ्याची चावडी, मोजणीची साखळी आणि दंडाची नोटीस एवढेंच उभें राहतें. यांत लोकांचा दोष नाहीं. जमिनीसंबंधीं आजवर जो जो कायदा गांवांत आला, तो बहुतेक वरून आला आणि कांहीं तरी घेऊन जाण्यासाठींच आला. परंतु आम्हांस आज निराळें सांगावयाचें आहे. कोणत्या जमिनींत काय करावें व काय करूं नये, हा निर्बंध गांवानें स्वतः घातला नाहीं, तर तो एक दिवस दुष्काळ घालील, नाहीं तर सरकार घालील. आणि दोघांचाही फटका आधीं गरिबालाच बसेल.

आपला तालुका पाहा. पश्चिमेकडे भीमा, पूर्वेकडे सीना, आणि मधला उंचवटा माळरानाचा. नद्यांच्या कांठानें काळी भारी जमीन, वर चढत गेलें कीं मध्यम, आणि माथ्यावर मुरमाड, खडकाळ माळ. पाऊस साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर, तोही धड वेळेवर पडेल याची हमी नाहीं. अशा मुलखांत सगळी जमीन एकाच मापानें वापरतां येत नाहीं, हें आपल्या आजे-पणज्यांना ठाऊक होतें. काळींत शाळू, हलक्या रानांत बाजरी-मटकी-हुलगा, आणि माळावर गुरें-मेंढरें, हा त्यांचा हिशेब होता. त्यास कोणी योजना म्हणत नव्हतें, पण ती योजनाच होती.

आतां एक गोष्ट ध्यानांत धरा. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यांत इ.स. १८३६ च्या सुमारास इंग्रज सरकारचे गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनीं जमिनीची नवी पाहणी केली, आणि थोड्याच वर्षांत तीच पद्धत आपल्याकडे आली. त्या पाहणींत मातीची खोली कशानें मोजली? हातानें! काळी, एकसारख्या पोताची जमीन पावणेदोन हात खोल असली तर ती सोळा आणे. एक हात असली तर दहा आणे. अर्धा हात असली तर सहा आणे. म्हणजे आपल्या रानांत माती किती खोल आहे, हें सरकारनें जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं बारकाईनें मोजून ठेविलें. पण कशासाठीं? सारा किती बसवावा यासाठीं. ज्या मातीला सारा बसेना ती कागदावर "पडीक" झाली. मग तिच्यावर शंभर मेंढरें जगत असोत, कीं गांवच्या सुताराची बाभूळ उभी असो. पडीक म्हणजे निरुपयोगी, ही समजूत त्या दफ्तरांतून आपल्या डोक्यांत शिरली, आणि ती अद्याप निघालेली नाहीं.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला. त्यांत त्यांनीं सरकारला हेंच विचारलें, कीं शेतकऱ्याकडून घेतां तर त्याच्या मातीसाठीं करतां काय? पलटणीच्या व पोलिसांच्या फावल्या शिपायांकडून तालीं-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरेल व माती वाहून जाणार नाहीं, असें त्यांनीं सुचविलें. गांवचीं गायरानें जंगलखात्यानें गिळल्यामुळें गोरगरिबांच्या गुरांस तोंड घालावयास जागा उरली नाहीं, ही तक्रारही त्यांनींच मांडली. माती, पाणी आणि गायरान हीं तिन्ही एकाच गांठीनें बांधलेलीं आहेत, हें या पुरुषानें कृषिविद्यापीठें निघण्याच्या किती तरी आधीं ओळखलें होतें.

पुढें १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. आज तें केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषिविद्यापीठाकडे आहे. तेथील शिफारशींचें सार आम्ही तुम्हांस सेंटिमीटर सोडून आपल्या देहाच्या मापानें सांगतों. पहार घ्या, शेतांत तीन-चार ठिकाणीं मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, आणि आंत हात घाला.

माती चार बोटांहून कमी लागली, तर तेथें नांगर घालूं नका. तें गवताचें व झाडांचें रान आहे.

चार बोटें ते एक वीत लागली, तर गवत, बोर, सीताफळ, बाभूळ.

एक वीत ते एक हात लागली, तर बाजरी, मटकी, हुलगा, तूर हीं खरिपाचीं पिकें.

एक हाताहून अधिक लागली, तर ती रब्बीची जमीन. तेथें शाळू, करडई, हरभरा. कारण पावसाळ्यांत मुरलेली ओल ती पोटांत धरून ठेवते.

यांत न समजण्यासारखें काय आहे? चौथींतल्या मुलालाही हें पाठ होईल. सरकारनें ज्या हातानें सारा मोजला, त्याच हातानें आपण पीक मोजावें, एवढेंच आमचें म्हणणें.

पण आज चाललें आहे काय? ज्या माळावर चार बोटें माती नाहीं, तेथें यंत्र लावून दगड फोडले जातात, उतार सपाट केला जातो, कूपनलिका घेतली जाते, आणि ऊस लावला जातो. आपल्याकडे पडणारा पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आंत; आणि पाटानें मोकळें पाणी सोडलें तर ऊस वर्षाकाठीं दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी पितो. उरलेलें पाणी येतें कोठून? ज्याच्या शेजारीं उजनीचा फुगवटा आहे, त्याची गोष्ट निराळी. जरी तेथेंही अति पाण्यानें काळी जमीन खारवते, हें विसरूं नये. पण माथ्यावरचा माणूस जें पाणी उपसतो, तें खालच्या शेजाऱ्याच्या विहिरींतलें असतें, आणि गांवच्या आडांतलेंही असतें. आड आटला कीं टँकर येतो. टँकरपुढें घागर घेऊन उभी कोण राहते? ऊसवाल्याची बायको क्वचित; मजुराची नेहमीं.

दुसरी गोष्ट बांधाची. शेजाऱ्याचा बांध दरसाल दोन बोटें कोरण्यांत आपल्या लोकांना मोठा पुरुषार्थ वाटतो. त्या दोन बोटांपायीं भाऊ भावाला कोर्टांत नेतो. पण बांध गेला कीं पहिल्या वळवाच्या पावसाबरोबर दोघांचीही माती ओढ्यांत जाते, ओढ्यांतून तळ्यांत जाते. बोटभर माती तयार व्हावयास शेंकडों वर्षें लागतात. जावयास एक रात्र पुरते. मग २०१७ सालीं "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" अशी योजना निघाली, आणि आपण ट्रॅक्टर लावून तळ्यांतला गाळ शेतांत आणूं लागलों. आणावा, चांगलेंच आहे. परंतु तो गाळ म्हणजे आपलीच माती. ती आपण दर खेपेला भाडें देऊन परत विकत घेतों, एवढें मनांत असावें.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, माझी सारी दोन एकर, आणि तीही मुरमाड. मीं काय गवत खाऊन राहावें?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्यास टाळून जाणारा नियम अन्यायाचाच होईल. बोर-सीताफळाला पैसा होतो, गवतावर शेळी-मेंढी व दुभतें जगतें, हें खरें. पण झाड फळास येईपर्यंतचीं वर्षें त्या कुटुंबानें कशावर काढावीं? म्हणून आमचें म्हणणें असें, कीं नियमाची सुरुवात दोन एकरवाल्यापासून किंवा मेंढपाळापासून होतां कामा नये. ती वीस एकरवाल्याच्या उसापासून व त्याच्या कूपनलिकेपासून झाली पाहिजे. आणि सरकारी मजुरीचीं, बांधबंदिस्तीचीं कामें जेव्हां निघतील, तेव्हां तीं आधीं लहान खातेदाराच्या हलक्या रानांत निघालीं पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळांत आपल्याच माणसांनीं खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले. त्यांतूनच पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. त्या घामाचा वांटा ज्याला सर्वांत कमी माती, त्याला आधीं मिळावा.

तसेंच गायरानाचें. गायरान हें गुरांचें, कुंभाराच्या मातीचें, सुताराच्या लांकडाचें, दोर वळणाऱ्याच्या घायपाताचें रान आहे. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं, त्याचा गांवांतला वांटा तो हाच. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याचा निकाल दिला, आणि त्याच वर्षीं १२ जुलैला महाराष्ट्र सरकारनें तसा ठराव काढला. निकाल चांगला आहे. पण त्याच निकालांत भूमिहीन मजूर व अनुसूचित जातिजमातींस रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितला आहे, हें गांवचे पुढारी सोयीस्कर विसरतात. दादासाहेब गायकवाड यांनीं १९५९ सालीं व पुन्हां १९६४ सालीं भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच पडीक जमिनींसाठीं. पोट भरण्यासाठीं एक एकर कसणारा आणि गायरानांत बंगला किंवा मुरमाची खाण काढणारा, या दोघांस एकाच काठीनें हांकणें याला नियमन म्हणत नाहींत.

वरून आलेला नियम कसा फसतो, याचें उदाहरण आपल्याच तालुक्यांत आहे. १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, आणि नगरकडील कर्जत, श्रीगोंदा, नेवासा येथला मुलूख त्यांत आला. कागदावर रेघ ओढली. रेघेच्या आंत गांवें होतीं, बाजारपेठा होत्या, काळीचीं शेतें होतीं. जमिनीचे व्यवहार व कामें अडूं लागलीं तेव्हां लोकांना पक्षी वैरी वाटूं लागला. तीसएक वर्षांनीं तें क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यांत आलें. या अवधींत माळढोक मात्र आपल्या माळांवरून जवळजवळ नाहींसा झाला. कां? पक्ष्याला माळ हवा होता, आणि माळ कोणता, तो कोण राखतो, त्या राखणाऱ्यास काय मिळतें, हें गांवास कोणी विचारलेंच नाहीं. मेंढरांच्या मागें हिंडणाऱ्या धनगराला विचारलें असतें तर त्यानें बोट दाखवून सांगितलें असतें.

आतां उलट उदाहरण. नगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) हिवरे बाजार गांव आपल्याहून पावसाचें भाग्यवान नाहीं. त्या गांवानें १९९० नंतर ग्रामसभेंत स्वतःचे निर्बंध घातले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठीं कूपनलिका नाहीं, ऊस-केळीसारखीं पाणीखाऊ पिकें नाहींत. श्रमदानानें डोंगरावर चर खोदले. २००४ पासून दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडूं लागले, आणि आधीं पिण्याचें, मग गुरांचें, मग शेतीचें, असा क्रम ठरविला. कूपनलिकेचा कायदा तर साऱ्या राज्याला आहे. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आंत नव्या विहिरीस बंदी केली. २००९ च्या कायद्यानें अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठीं ६० मीटरहून खोल विहिरीस मनाई केली. पण हिवरे बाजारांत नियम पाळला गेला आणि आपल्याकडे तो कपाटांत राहिला. भेद कायद्याचा नाहीं. गांव करील तें राव काय करील, हा आहे.

तेव्हां बांधवांनो, आपल्या ग्रामसभेपुढें आम्ही पांच गोष्टी ठेवतों.

एक: गांवच्या शिवाराचा एक नकाशा शाळेच्या भिंतीवर काढावा, आणि प्रत्येक रानाची खोली चार बोटें, वीत, हात अशी त्यावर लिहावी. मोजण्याचें काम शाळेचीं मुलें करतील. त्यांस शिकविण्याचें आम्ही पत्करतों.

दोन: चार बोटांखालचा माळ यापुढें नव्यानें फोडूं नये, आणि हा नियम पहिल्यानें पंचायतीच्या सभासदांनीं पाळावा.

तीन: गांवच्या आडाजवळ नवी कूपनलिका नको, आणि दसऱ्यानंतर विहिरींचें पाणी मोजून मगच रब्बीचें काय पेरावें तें ठरावें.

चार: बांध कोरणाऱ्याचा तंटा कोर्टांत जाण्याआधीं पंचांपुढें यावा, आणि दंड पैशानें न घेतां बांध घालून घ्यावा.

पांच: गायरानाचा निर्णय भूमिहीन, मेंढपाळ व कारागीर यांच्या समक्ष व्हावा. स्त्रियांची सभा ग्रामसभेपूर्वीं भरावी असा नियमच आहे. ती कागदावर न भरवतां खरी भरवावी, कारण पाणी व सरपण किती लांब गेलें, हें त्यांच्याइतकें कोणाच्या पायांना ठाऊक नाहीं.

यांपैकीं एकाही गोष्टीला मंत्र्याची परवानगी लागत नाहीं. लागते ती एवढीच, कीं ज्याच्या घरीं जास्त त्यानें आधीं हात आंखडता घ्यावा, आणि ज्याच्या घरीं कमी त्यानें सभेंत गप्प बसूं नये. मृगाला अजून अवकाश आहे. उद्यां सकाळीं आपापल्या रानांत पहार घेऊन जा, खड्डा घ्या, खोली मोजा, आणि मुलाच्या वहींत लिहून शाळेंत पाठवा. आम्ही वाट पाहतों.