सीतेची वेणी
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाचा सराव मुळीच नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीतल्या त्या फुलाविषयीच सांगा, येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारते." म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

त्या फुलाचे नाव सीतेची वेणी. शहरात ज्यांना ऑर्किड म्हणतात, त्यांतलेच हे आपल्या सह्याद्रीचे फूल. माझे माहेर मुळशीकडचे. घरामागे आजोबांनी लावलेला आंबा होता. त्याच्या फांदीवर ही वेणी दर वर्षी मृगाच्या आगेमागे फुले. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके, इवली इवली फुले दाटीने गुंफलेली आणि दीड वीत लांबीचा घोस खाली लोंबणारा. वास मोगऱ्यासारखा घमघमणारा नव्हे. जवळ गेल्यावर कळणारा, मंद आणि गोडसर. आई तो घोस कुणाला तोडू देत नसे. "ती झाडाची वेणी आहे, आपली नव्हे," असे म्हणे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि तो आंबा मुळासकट पडला. आई त्याआधीच गेली होती. टाळेबंदी सैल झाल्यावर मी माहेरी गेले, तो दादाने खोडाचे ओंडके करून ठेवलेले. फांद्यांच्या ढिगात वेणीचे एकच झाड जिवंत सापडले. ते पदरात गुंडाळून पुनावळ्याला आणले.

इथे माझी चूक झाली. मी ते कुंडीत लावले, काळी माती घातली, शेणखत घातले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. महिन्याभरात मुळे कुजली, पाने पिवळी पडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बांडगूळ ते! आंबाच गेला, आता ते कशाच्या जिवावर जगणार?" मला रडू कोसळले. आईची एवढीच खूण उरली होती आणि ती माझ्याच हाताने मरत होती.

शेतकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने तेव्हा समजावले. बांडगूळ फांदीत शिरून झाडाचा रस ओढते. सीतेची वेणी तसे काही करीत नाही. ती झाडाकडे फक्त बसायला जागा मागते. पाणी पावसाचे नि दवाचे, अन्न सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून धुऊन येईल तेवढे. तिच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी टिपून घेते. मातीत पुरली की हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

मग कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापली. झाड आंब्याच्या ओंडक्यावर नारळाच्या काथ्याने बांधून पूर्वेच्या गॅलरीत टांगले. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारचे नको. पाणी सकाळी फवारायचे. मुळे ओली झाली की हिरवट दिसतात, सुकली की पुन्हा पांढरी होतात. पांढरी झाल्यावरच पाणी द्यायचे. रात्री पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचे नाही. थंडीत पाणी कमी. मुळांना हिरवी टोके फुटली म्हणजे झाड वाढीला लागले. तेव्हा पंधरा दिवसांनी अगदी पातळ खत पुरते. नव्या मुळांनी लाकूड धरले की ती ओढू नयेत.

दोन वर्षे नुसती पाने. तिसऱ्या वर्षी, मे २०२३ मध्ये, घोस आला. सासूबाई बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी हळदकुंकू लाव तिला." त्या दिवसापासून आमच्या घरात बांडगूळ हा शब्द कुणी काढला नाही.

आसामात हेच फूल राज्याचे फूल आहे. तिथे त्याला कोपौ म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. माझ्या लेकीनेही मागितले. तिला मी आजीचेच शब्द ऐकवले.

भगिनींनो, एक विनंती आहे. माझ्या झाडाचे पाहून कुणी रानातून वेणी ओरबाडून आणू नका, रस्त्यावर विकायला आलेली रानातली झाडेही घेऊ नका. राखीव वनातून झाड काढणे गुन्हा आहे. शिवाय तिचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात स्वतःची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. लाखांत एखादेच झाड होते. हौस असेल तर रोपवाटिकेत तयार केलेले रोप घ्या. वाटेत पडलेल्या फांदीवर एखादे दिसले, तर मालकाला विचारून त्याला आसरा द्या.

आपल्या पुनावळ्यात शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. अंगण गेले, पण गॅलरी आहे. वेणीला अंगण लागत नाही, एक ओंडका पुरतो. फार माया केली तर मात्र ती मरते, हे मी शिकले.