ताजं अंजीर आणि आपली चूल



पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सासवड, दिवे, सोनोरी, राजेवाडी या भागातल्या मुरमाड जमिनीवरच्या बागांपासून आपली पिंपरीची मंडई किंवा मोशीचा उपबाजार साधारण ५० किलोमीटरवर आहे. तरीही आपल्या घरात अंजीर म्हटलं की आठवतं ते रात्री भिजत घातलेलं सुकं अंजीर, जे मुख्यतः अफगाणिस्तानातून येतं. नाहीतर मिठाईच्या दुकानातली अंजीर बर्फी. ताजी अंजिरं घरी आणली जातात, त्यातली दोन-चार तशीच खाल्ली जातात आणि उरलेली दुसऱ्या दिवशी मऊ पडली म्हणून कचऱ्यात जातात. माझं म्हणणं असं की ही सवय फळाच्या स्वभावाशी विसंगत आहे. ताजं अंजीर जितकं खाण्याचं फळ आहे, तितकंच ते शिजवण्याचं फळ आहे; आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या घरांना ते शिजवण्याची जी सोय आहे, ती देशातल्या फार थोड्या शहरांना आहे.

आधी फळाचा स्वभाव पाहू. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, केळीचा घड कापून पिकवता येतो. अंजिराचं तसं नाही. झाडावरून उतरल्यावर ते मऊ पडतं, रंगही थोडा बदलतो, पण त्याची गोडी जवळजवळ वाढत नाही. म्हणजे दूरच्या बाजारासाठी ते जितकं लवकर तोडावं, तितकं ते बेचव राहणार. आणि पूर्ण पिकू द्यावं तर घरातल्या साध्या तापमानाला ते एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलं तर आठवडा-दोन आठवडे निभतं, पण अशी सोय प्रत्येक बागाईतदाराकडे आणि प्रत्येक हातगाडीवर असत नाही. साल इतकी पातळ की पाटीतल्या वरच्या थराच्या भारानेही खालचं फळ दबतं. यातून व्यापाऱ्याचा हिशोब आणि स्वयंपाकघराचा हिशोब एकमेकांच्या उलट होतात. डोळ्याशी उललेलं, हाताला मऊ लागणारं, मधासारखा थेंब आलेलं अंजीर म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी तोटा. कारखान्यात मापाबाहेर गेलेला सुटा भाग जसा रिजेक्टच्या पेटीत पडतो, तसं ते बाजूला काढलं जातं. पण कारखान्यातला तो भाग खरोखरच निकामी असतो. हे अंजीर मात्र त्याच्या सर्वांत गोड अवस्थेत असतं. ते ताटात मांडायला चालणार नाही, पातेल्यात घालायला त्याहून चांगलं फळ मिळणार नाही. आणि पूर्ण पिकलेलं फळ त्याच दिवशी हातात येण्याची शक्यता ५० किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकालाच असते. दिल्ली-कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला ती जवळपास नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. आपल्याकडे अंजीर शिजवण्याची पद्धतच नाही, मग हे नवं खूळ कशाला? पद्धत नाही हे पदार्थांच्या नावांपुरतं खरं आहे. कृतींच्या बाबतीत ते टिकत नाही. पिकलेलं फळ गुळात आटवणं आपल्याला गुळांब्यापासून ठाऊक आहे. अतिपिकलेला गर पिठात मळून तळणं घारग्यांपासून ठाऊक आहे. फणसाचा रस तांदळाच्या रव्यात मिसळून वाफवलं की सांदण होतं, आंब्याचा रस थापून वाळवला की पोळी होते, अननस शिऱ्यात जातो, पिकलं केळं दह्याच्या कोशिंबिरीत जातं. या शहराचा स्वयंपाक तर एका गावचा नाहीच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण इथली माणसं आपापले डबे घेऊन इथे राहिली. मराठवाड्यातल्या मंडळींना तर दौलताबादचं अंजीर परकं नाही. इतक्या चालीरीतींच्या कृती ज्या वस्त्यांमध्ये शेजारी-शेजारी नांदतात, तिथे एखादं जवळचं फळ त्या कृतींत बसवायला परंपरेचा अडसर नाही, फक्त कोणी करून पाहिलेलं नाही.

करून पाहताना बहार लक्षात घ्यावा. पुरंदरमध्ये अंजिराचे दोन बहार धरतात. खट्टा बहाराची फळं पावसाळा सरता सरता सुरू होऊन हिवाळ्यात येतात, ती तुलनेने कमी गोड. मीठा बहाराची फळं फेब्रुवारीअखेरीपासून मे महिन्यापर्यंत, अधिक गोड आणि भरीव. खाणारे खट्टा बहाराला नाक मुरडतात, पण माझ्या मते तिखटमिठाच्या पदार्थांना तोच बहार योग्य आहे. आपलं पंचामृत घ्या: चिंच, गूळ, तीळ, दाण्याचं कूट, खोबरं, हिरवी मिरची. त्यात किंचित घट्ट अंजिराच्या फोडी शेवटची पाच मिनिटं शिजवल्या तर चिंचेच्या आंबटपणाला धरून राहील असा गोड गर मिळतो आणि गूळ निम्म्यावर येतो. मोहरी-हिंगाच्या फोडणीत लसूण आणि लाल मिरची परतून त्यात चिरलेली अंजिरं, मीठ आणि लिंबू घातलं की भाकरीबरोबर लागणारी चटणी तयार होते. तिला भरपूर तिखट हवं, नाहीतर ती जॅमकडे झुकते. मीठा बहाराची मऊ फळं मात्र गोडाकडे न्यावीत. त्यांचा गर कोरड्या कढईत आटवून, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ आणि चिमूटभर मीठ घालून घारगे करावेत. पाणी मुळीच लागत नाही, आणि गूळ चाखून मगच घालावा. सांदणात फणसाच्या रसाच्या जागी हाच गर चालतो, फक्त रवा थोडा अधिक घ्यावा लागतो, कारण अंजिराच्या बिया आणि साल पाणी धरून ठेवतात. त्या बिया दाताखाली बारीक फुटतात. त्या गाळून टाकू नयेत, सांदणाची मजा त्यांच्यातच आहे.

दुधाच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचं विकर असतं. पपईतल्या पपेनसारखंच ते प्रथिनं तोडतं. कच्च्या फळात त्याचं प्रमाण जास्त, पिकलेल्यात कमी, पण नाहीसं होत नाही. म्हणून ताज्या अंजिराच्या फोडी थेट दुधात टाकल्या तर दूध फाटू शकतं, आणि दह्यात कालवून ठेवल्या तर काही वेळाने कोशिंबीर कडवट लागू लागते. उपाय सोपा आहे: गर आधी वेगळा उकळून घ्यावा, पूर्ण गार करावा आणि मगच बासुंदीत किंवा खिरीत मिसळावा. चांगली उकळी आली की विकराचं काम थांबतं. कोशिंबीर करायची तर फोडींना आधी वाफ द्यावी, किंवा पानं वाढल्यावरच दही घालावं. जो गुण दुधात दोष ठरतो, तोच मटणात उपयोगी पडतो. मटण मऊ पडावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतो. त्या जागी घट्ट अंजीर वाटून अर्धा तास लावता येतं, आणि वाटणात वेगळी गोडी उतरते. अगदी हिरवी, बागेत गळून पडणारी फळंही वाया जाण्याची गरज नाही. तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये कच्ची अंजिरं पुन्हा पुन्हा उकळून, दर वेळी पाणी टाकून, मग पाकात मुरवतात. तीच युक्ती भाजीला लावता येईल. चीक हाताला खाजतो, त्यामुळे कच्ची फळं हाताळताना हातांना तेल लावावं.

दुसरी सावधगिरी साठवणीची. कैरीचा गुळांबा टिकतो तो केवळ गुळामुळे नव्हे, कैरीच्या आंबटपणामुळेही. अंजीर गोड आहे पण आंबट जवळजवळ नाही. त्याची आम्लता इतकी कमी की नुसत्या साखरेवर विसंबून बाहेर ठेवलेला मुरांबा धोक्याचा ठरू शकतो. म्हणून किलोभर फळाला दोन-तीन रसदार लिंबांचा रस घालावा, मिश्रण दाट होईपर्यंत आटवावं आणि घरी केलेली बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. लिंबाने गर चांगला धरतो आणि रंगही उजळ राहतो. उललेलं फळ शिजवा असं मी म्हणालो, पण उललेलं आणि आंबलेलं यांत फरक आहे. आंबूस वास येत असेल किंवा आत काळी बुरशी दिसत असेल तर ते फळ टाकूनच द्यावं. नासका भाग कापून उरलेला वापरण्याची काटकसर इथे करू नये.

दुसरा आक्षेप सत्त्वाचा. शिजवल्याने फळाचं जीवनसत्त्व जातं, मग शिजवायचं कशाला? पेरूबद्दल किंवा आवळ्याबद्दल हा प्रश्न योग्य आहे. शंभर ग्रॅम ताज्या अंजिरात क जीवनसत्त्व अवघं २ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मुळात गमावण्यासारखं फारसं नाही. त्याचं मोल आहे ते तंतुमय भागात, सुमारे ३ ग्रॅम, आणि पोटॅशियम-कॅल्शियमसारख्या क्षारांत. रस फेकून दिला नाही तर ते उकळून उडत नाहीत. साखरेचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्याच शंभर ग्रॅमात सुमारे १६ ग्रॅम साखर असते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी गुळांब्यापेक्षा चटणी आणि पंचामृताकडे वळावं, आणि तेही बेतानेच. यासाठीच मी तिखटमिठाचे पदार्थ आधी सांगितले. काहींच्या मनात किड्याची शंका असते. उंबरात कीटक असतात हे आपण पाहिलेलं असतं, आणि जैन कुटुंबं तर या वर्गातली फळं वर्ज्य मानतात. त्यांच्या व्रताचा आदरच आहे. बाकीच्यांसाठी वस्तुस्थिती एवढी की पुरंदरमध्ये लावलं जाणारं पुणे अंजीर हे परागीभवनावाचून पिकणारं वाण आहे, स्मिर्ना जातीसारखी त्याला फळात शिरणाऱ्या गांधीलमाशीची गरज नसते.

आता पैशाचा आणि वेळेचा मुद्दा. भोसरीत किंवा महाळुंग्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी गर आटवत बसायला कोणाला सवड आहे, हा प्रश्न मला खरा वाटतो. अंजीर स्वस्त फळ नाही हेही खरं. पण महाग असतं ते सकाळचं, मांडणीतलं, एकसारखं फळ. मऊ पडलेलं फळ विक्रेत्याला त्याच दिवशी संपवायचं असतं, म्हणून संध्याकाळी भाव करायला जागा असते. चटणीला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. शिवाय सगळा भार घरातल्या एकाच बाईवर टाकायचं कारण नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली. या पट्ट्यात अशी किती स्वयंपाकघरं रोज पेटतात याचा विचार करा. त्यांतल्या काहींनी हंगामात आठवड्यातून एक दिवस थेट पुरंदरहून मऊ फळाच्या पाट्या घेतल्या, तर बागाईतदाराच्या हलक्या मालाला गिऱ्हाईक मिळेल आणि कामगाराच्या ताटात पाकिटातल्या जॅमऐवजी फळाची चटणी येईल. बचत गटांनाही हे काम जमण्यासारखं आहे. पवनाथडी जत्रेत मांडे, थालीपिठं, मासवडी विकणाऱ्या हातांना अंजिराचे घारगे कठीण नाहीत.

कोणी म्हणेल, प्रक्रिया हे उद्योगाचं काम आहे, घराचं नव्हे. उद्योग ते करतो आहे आणि त्याचं कौतुक आहे. पुरंदरच्या शेतकरी उत्पादक कंपनीने २०२२ साली ताजी अंजिरं जर्मनीला पाठवली, आणि २०२४ साली अंजिराचं पेय पोलंडला गेलं. पण निर्यातीला लागतं ते निवडक फळ, आणि पेयाचा कारखाना हंगामातला प्रत्येक मऊ डाग उचलू शकत नाही. घर आणि कॅन्टीन ती उरलेली जागा भरतात. आणखी एक गोष्ट आपल्या पट्ट्याला लागू आहे. चाकण-खेड भागात विमानतळ व्हावा म्हणून वर्षानुवर्षं चर्चा झाली, आणि २०१६ साली, मानांकनाच्याच वर्षी, पुरंदरची जागा पुढे आली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण तिथे अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. विमानतळाचा वाद आज मी सोडवणार नाही. पण ज्या उद्योगनगरीच्या गरजेपोटी ही जमीन मागितली जाते, तिने त्या जमिनीवर काय पिकतं हे आपल्या जिभेने ओळखलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ज्या पिकाला शेजारचं शहर रोज विचारतं, त्या पिकाची बाजू मांडायला माणसं पुढे येतात.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. मीठा बहार फेब्रुवारीअखेर मंडईत येईल. पिंपरीत, चिंचवडगावात, निगडीत, चाकणच्या बाजारात विक्रेत्याकडे कडक फळाबरोबर मऊ, उललेलं पण आंबूस वास नसलेलं अर्धा किलो अंजीर मागून घ्या, आणि त्याच संध्याकाळी ते चुलीवर चढवा. आपल्यापैकी जे कारखान्यांच्या कॅन्टीन समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा.